जोते भरण्याआधी : काठमांडू ते बारपाक, आठ दिवस

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात माझे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले असताना भूकंप झाला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. लहानपणीच्या पोलिओमुळे मला पळता येत नव्हते, म्हणून वडिलांनी मला पाठीवर घेऊन बाहेर आणले. पुढे परदेशी कर्ज आणि मदत आली, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि आम्हालाही नव्या गावठाणात घर मिळाले. घर भक्कम होते, मात्र त्याचे जोते पावणेदोन फूट उंच होते आणि संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्या जोत्याच्या पायऱ्या मी सात वर्षे बसून, हातांवर जोर देत चढले. अशा घरात कोण राहणार आहे, हे जोते भरण्याआधी कोणीच विचारले नव्हते. आज मी पुण्यात इमारती आणि विकासयोजना अपंग व्यक्तींना वापरता येतात की नाही हे तपासण्याचे काम करते, आणि त्या कामाचे मूळ याच पायऱ्यांत आहे.

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ होते आणि जवळजवळ नऊ हजार माणसे दगावली. आमच्या भूकंपापासून त्या भूकंपापर्यंतच्या बावीस वर्षांत जग एका बाबतीत बदलले होते. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला होता; भारताने २००७ मध्ये आणि नेपाळने २०१० मध्ये त्याला मान्यता दिली होती. आपत्तीच्या काळात अपंग व्यक्तींचे संरक्षण झाले पाहिजे असे त्याचे अकरावे कलम सांगते, तर एका देशाने दुसऱ्याला दिलेली मदत अपंग व्यक्तींना सामावून घेणारी असली पाहिजे असे बत्तिसावे कलम सांगते. एवढा बदल झाल्यावर बांधलेली घरे आमच्या घरांपेक्षा वेगळी आहेत का, हे मला स्वतः पाहायचे होते. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात मी धाकट्या भावाला सोबत घेऊन निघाले.

पहिला दिवस : काठमांडू

दिल्लीहून आलेले विमान दुपारी उतरले. मुक्कामाला आम्ही काठमांडूशेजारचे पाटण निवडले होते, कारण तेथे तळमजल्यावरची खोली मिळाली. संध्याकाळी थोडे फिरलो. एका पदपथावर दृष्टिहीन व्यक्तींसाठी बसवलेल्या पिवळ्या खाचेच्या फरशा होत्या. त्यांच्या मागोमाग चालत गेले, तर त्या थेट विजेच्या खांबाला जाऊन भिडत होत्या. पुण्यातही हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. फरशा बसवल्याची नोंद कामाच्या कागदावर होते, पण तो रस्ता कोणा दृष्टिहीन माणसाला चालायला लावून तपासला जात नाही.

रात्रीचे जेवण बेकरी कॅफेत घेतले. या उपाहारगृहात अनेक वर्षांपासून बहिऱ्या तरुण-तरुणींना कामावर घेतले जाते. आम्हाला वाढणाऱ्या मुलीने भावाच्या गोंधळाकडे शांतपणे पाहिले, 'पाणी', 'तिखट' आणि 'पुरे' या तीन खुणा त्याला शिकवल्या, आणि पुढच्या वेळी त्याने बोट दाखवले तेव्हा मान हलवून खूण करायला लावली. मोमो गरम होते आणि सोबतची टोमॅटोची चटणी झणझणीत होती. दया, कौतुक असले काहीही त्या व्यवहारात नव्हते. ती तिचे काम करत होती आणि आम्ही जेवत होतो.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र सोबत ठेवावे. विमानात चाकांची खुर्ची हवी असेल, तर तिकीट काढतानाच तशी नोंद करावी आणि दोन दिवस आधी दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी. कुबडीच्या टोकाचे रबर मात्र घरूनच जास्तीचे न्यावे; दगडी फरसबंदीवर माझी एक जोडी आठ दिवसांत झिजली.

दुसरा दिवस : लाल, निळे, पिवळे, पांढरे

भृकुटीमंडप परिसरात राष्ट्रीय अपाङ्ग महासंघाचे कार्यालय आहे. हा महासंघ १९९३ सालचा, म्हणजे आमच्या भूकंपाच्या वर्षीचा. त्याच परिसरातल्या एका चहाच्या दुकानात, चळवळीत वीस वर्षे घालवलेल्या एका दृष्टिहीन कार्यकर्त्यांची भेट ठरली होती. मी त्यांना 'दाइ', म्हणजे दादा, म्हणाले, ते मला 'बहिनी' म्हणाले. हिंदी आणि नेपाळी यांच्या मिश्रणात आमचे दोन तास बोलणे झाले.

नेपाळमध्ये अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार चार रंगांची ओळखपत्रे मिळतात. सर्वांत तीव्र अपंगत्वासाठी लाल, त्यानंतर निळे, मग पिवळे आणि शेवटी पांढरे. केंद्र सरकारचा मासिक भत्ता लाल आणि निळ्या कार्डालाच आहे. भूकंपानंतर घर बांधण्यासाठी प्रत्येक पात्र कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत मिळाले, आणि अतिशय दुर्बल गटात मोडणाऱ्यांना पन्नास हजार जादा मिळाले. तेथेही लाल-निळ्याचीच अट होती. भूकंपातच पाय किंवा पाठीचा कणा गमावलेल्या माणसाकडे त्या दिवशी कोणत्याही रंगाचे कार्ड असण्याची शक्यता नव्हती. "कार्ड असलेला माणूस यादीत येतो, यादीतला माणूस योजनेत येतो. बहिनी, आमचा सगळा लढा यादीच्या दारात आहे," असे दाइ म्हणाले.

यादीची ही गोष्ट फक्त नेपाळची नाही. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत २.२ टक्के लोक अपंग नोंदले गेले. भारताच्या २०११ च्या जनगणनेतला आकडा २.२१ टक्के आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मात्र जगातले १६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १३० कोटी माणसे, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. या तफावतीचे एक मोठे कारण प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. दारात आलेला प्रगणक 'घरात कोणी अपंग आहे का' असे विचारतो, तेव्हा मुलीचे लग्न व्हायचे असलेली आई 'नाही' म्हणते, आणि ऐकू येत नसलेले आजोबा स्वतःला अपंग समजतच नाहीत. यासाठी, अपंगत्वाची आकडेवारी गोळा करण्याच्या पद्धती ठरवणाऱ्या वॉशिंग्टन गटाने तयार केलेले सहा प्रश्न आज अनेक देशांत वापरले जातात. पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची निगा राखणे आणि दुसऱ्याशी संवाद साधणे यांत तुम्हाला किती अडचण येते, एवढेच त्यांत विचारले जाते आणि 'अपंग' हा शब्द कोठेही उच्चारला जात नाही. माझ्या स्वतःच्या कामात, ज्या वस्तीत जुन्या पद्धतीने चार नावे मिळाली होती, तेथे या सहा प्रश्नांनी एकोणीस नावे मिळाली.

निधीची गोष्ट निघाली तेव्हा दाइंचा आवाज खाली आला. श्रीमंत देशांच्या मदतीची नोंद ठेवणाऱ्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१८ मध्ये अपंगत्वासाठी एक खूण ठरवली. प्रकल्पाला शून्य, एक किंवा दोन असा अंक द्यायचा. शून्य म्हणजे अपंग व्यक्तींचा समावेश हा त्या प्रकल्पाच्या उद्दिष्टांतच नाही. एप्रिल २०२५ मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक अपंगत्व शिखर परिषदेत असे ठरले, की देशपातळीवरच्या किमान १५ टक्के विकास कार्यक्रमांनी हा समावेश उद्दिष्ट म्हणून धरावा. पुढे १ जुलैला परदेशांना मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही संस्था बंद झाली. ओळखीच्या दोन भौतिकोपचार तज्ज्ञांची नोकरी त्यात गेल्याचे दाइंनी सांगितले. त्यातला एक जण आता आखाती देशात जाण्याच्या तयारीत आहे.

तिसरा दिवस : सांगा

काठमांडूच्या पूर्वेला काव्रे जिल्ह्याच्या सीमेवर सांगा आहे. तेथल्या टेकडीवर शंकराची सुमारे ४४ मीटर उंचीची उभी मूर्ती आहे आणि यात्रेकरूंची गर्दी तिकडे असते. आम्हाला पाठीच्या कण्याच्या दुखापतींचे पुनर्वसन केंद्र पाहायचे होते. पत्रकार कनकमणी दीक्षित पदभ्रमणाच्या वाटेवर पडून पाठीला जबर दुखापत झाल्यावर, अशा माणसांसाठी देशात काहीच सोय नाही हे त्यांनी अनुभवले, आणि त्यातून हे केंद्र उभे राहिले. २००२ मध्ये एडमंड हिलरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. २०१५ च्या भूकंपानंतर खाटांपेक्षा कितीतरी अधिक रुग्ण येथे आले आणि मोकळ्या जागेत तंबू ठोकावे लागले.

व्यायामाच्या दालनात एक तरुण खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत सरकण्याचा सराव करत होता. त्याला शिकवणारा माणूस स्वतः खुर्चीत होता. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, आरसा धरून पाठीची त्वचा कशी तपासायची, लघवीची नळी स्वतः कशी घालायची, हे सगळे तो अगदी रोजच्या बोलण्यासारखे सांगत होता.

मला तेथून उठून बाहेर यावे लागले. आमच्या गावात वडिलांचे एक मित्र होते, मी त्यांना काका म्हणत असे. तुळई अंगावर पडून त्यांचा कणा मोडला होता. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयातून त्यांना शस्त्रक्रिया करून घरी पाठवले, पण कूस बदलायला कोणी शिकवले नाही. पाठीवरच्या जखमा चिघळून दीड वर्षात ते गेले. मदतीच्या हिशेबात ते 'वाचलेले' म्हणून धरले गेले असणार. जीव वाचवण्यावर जितका खर्च होतो, त्याचा लहानसा भाग पुढच्या दोन वर्षांवर झाला असता तर काका आज सत्तरीचे असते.

केंद्राला भेट द्यायची असेल तर आधी कळवून वेळ घ्यावी आणि रुग्णांची छायाचित्रे काढू नयेत. परतताना भक्तपूरला थांबून आम्ही मातीच्या वाडग्यातले जुजु धौ खाल्ले. म्हशीच्या दुधाचे ते दाट, किंचित गोड दही भावाने दोनदा मागवले.

चौथा आणि पाचवा दिवस : गोरखामार्गे बारपाक

काठमांडूहून गोरखा सुमारे १४० किलोमीटर आहे. रस्त्याच्या रुंदीकरणामुळे सात तास लागले. मलेखूला त्रिशूली नदीकाठी तळलेले मासे खाल्ले. गोरख्याहून पुढची जीप मात्र खरी परीक्षा घेते. पायाला आधार देणारा कॅलिपर घालणाऱ्यांनी पुढची जागा आधी सांगून ठेवावी आणि गुडघ्याखाली घडी केलेली शाल घ्यावी, कारण प्रत्येक धक्का पट्ट्याच्या कडेवर येतो.

सुमारे १,९०० मीटर उंचीवरच्या बारपाकला आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते आणि हवेत झोंबणारा गारवा होता. हे घले, गुरुङ आणि मगर लोकांचे गाव. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे गजे घले येथलेच. भूकंपात गावातली बहुतांश घरे पडली. आता सिमेंटची, रंगीत, दुमजली घरे ओळीने उभी आहेत. गल्ल्या मात्र पूर्वीसारख्याच दगडी पायऱ्यांच्या आहेत. माझी चाल पाहून जीपवाल्याने डोकोची तयारी दाखवली. डोको म्हणजे बांबूची मोठी पाटी. डोंगरात आजारी माणसाला तीत बसवून, कपाळावर पट्टा घेऊन पाठीवरून नेतात. मी वडिलांच्या पाठीवरून उतरले त्याला आता बत्तीस वर्षे झाली होती. जीपवाल्याला नमस्कार करून मी कुबडीनेच निघाले, आणि दहा मिनिटांच्या वाटेला पन्नास मिनिटे लागली.

रात्री चुलीजवळ ढिंडो आणि गुन्द्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची, आमटी मिळाली. कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा तो गरम गोळा बोटाने तोडून आमटीत बुडवून खाताना मला आमच्याकडच्या ज्वारीच्या कण्या आठवल्या.

सहावा दिवस : बारपाक

घरमालकिणीचा चुलत दीर सुतार आहे. भूकंपात भिंत पडून त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय लावून तो आजही काम करतो. त्याचे कार्ड पिवळे आहे, त्यामुळे भत्ता नाही आणि जादा पन्नास हजारही नव्हते. माझ्या पिशवीतला मोजटेप पाहून त्याने मी काय मोजते ते विचारले. दार, पायरी, उतार आणि संडास, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग मला शेजारच्या घरी घेऊन गेला.

तेथली दिदी माझ्याच वयाची आहे. कण्याच्या दुखापतीनंतर ती अनेक महिने सांग्याला होती. तिथून ती स्वतः खुर्ची चालवत, स्वयंपाक करत, कपडे धूत परतली, आणि नव्या घराच्या तीन पायऱ्यांपुढे थांबली. पायरी सात इंचांची, तीन पायऱ्या, म्हणजे जोते एकवीस इंच. मी टेप सोडला आणि आकडा पुन्हा वाचला, कारण पावणेदोन फूट हीच आमच्या घराच्या जोत्याची उंची होती.

घर उत्तम बांधलेले होते. प्रत्येक हप्त्याआधी तपासणीला माणूस आला, त्याने पाया पाहिला, भिंतीतले आडवे पट्टे पाहिले, कोपऱ्यातल्या सळया मोजल्या. भूकंपात हे घर पडणार नाही, आणि त्यासाठी राबलेल्या सर्वांविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्या तपासणीच्या कागदावर 'घरात राहणारी व्यक्ती आत कशी जाणार' असा रकाना नव्हता, आणि रकाना नसेल तर अभियंता ते पाहत नाही. संडासाचे दार बावीस इंच निघाले. तिची खुर्ची पंचवीस इंच रुंद आहे. "सांग्यात मी रोज बाहेर जायची. घरी आले आणि आत बसले," दिदी म्हणाली. दहा वर्षांत किती वेळा बाहेर पडलीस असे मी विचारले, तेव्हा तिने मुलाच्या शाळेचे दोन कार्यक्रम, एक लग्न आणि सासऱ्यांची अंत्ययात्रा, असे बोटांवर मोजून दाखवले.

हक्कांच्या करारातले चौथे कलम सरकारांना सांगते, की अपंग व्यक्तींविषयीचे निर्णय घेताना त्यांच्याशी, त्यांच्या संघटनांमार्फत, सल्लामसलत करावी. हे कलम मी अनेक सभागृहांत वाचून दाखवले आहे. दिदीच्या अंगणात उभे राहिल्यावर त्याचा अर्थ मला एका वाक्यात सांगता आला: घराचा नकाशा हातात घेऊन कोणीतरी तिच्याजवळ बसायला हवे होते. उतार आणि रुंद दार सुरुवातीलाच धरले असते तर खर्चात फारशी भर पडली नसती. आता जोते फोडायचे म्हटले तर पैसा कोण देणार, हा पहिला प्रश्न आहे.

गावातल्या एका शाळेत रॅम्प होता. तो मोजला तर एक फूट उंचीला पाच फूट लांबी होती. निदान बारा फूट हवी. त्या चढावर खुर्ची मागे उलटते. मुख्याध्यापकांनी माझे म्हणणे लक्ष देऊन ऐकले, सुताराला बोलावले आणि दोघे तेथेच दोरी लावून लांबी पाहू लागले. चूक दाखवल्यावर माणसे अशी लगेच कामाला लागतात, हा अनुभव मला महाराष्ट्रातल्या गावांतही वारंवार आला आहे. निघताना मी मोजटेप सुताराकडे ठेवला.

सातवा आणि आठवा दिवस : पोखरा, कास्कीकोट

सातवा दिवस जीप आणि बसमध्ये गेला. आठव्या दिवशी सकाळी आम्ही पोखऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या नौडांडा-कास्कीकोटच्या वाटेवर गेलो. चाकांच्या खुर्चीने जाता येईल अशी नेपाळमधली ही पहिली पदभ्रमणाची वाट, २०१८ मध्ये खुली झालेली, सुमारे सव्वा किलोमीटरची. शक्यतो सकाळी सातच्या आत पोहोचावे. नंतर ढग चढतात. आम्हाला माछापुछ्रे आणि अन्नपूर्णेची रांग तासभर स्वच्छ दिसली. या आठ दिवसांत प्रथमच मी पायाखाली न बघता चालले.

वाटेत बसले असताना सुताराचा दूरध्वनी आला. दिदीच्या अंगणात उतार करायचा त्याने ठरवले होते. दगड गावातलेच, मजुरी त्याची आणि तिच्या मुलाची, फक्त सिमेंट विकत घ्यायचे होते. एकवीस इंचांना किती लांबी लागेल असे त्याने विचारले. एकवीस इंच गुणिले बारा, म्हणजे २५२ इंच, म्हणजे एकवीस फूट, असे मी सांगितले. अंगण सोळा फूट आहे, तो म्हणाला. मग साडेदहा फूट चढवायचे, तेथे पाच फुटांचा सपाट ओटा करायचा आणि उलट फिरवून पुन्हा साडेदहा फूट न्यायचे. दोन्ही कडांना बोटभर उंच कठडा ठेवायचा, म्हणजे चाक घसरणार नाही. तो आकडे मोठ्याने म्हणत लिहून घेत होता.

तेवढ्यात मागून दिदीचा आवाज आला. तिने फोन मागून घेतला आणि विचारले, की ओटा भिंतीच्या बाजूला घ्यायचा की पूर्वेच्या. मापाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच आहे, असे मी म्हणाले.

"मग पूर्वेला," ती सुताराला म्हणाली, "सकाळचे ऊन तिथेच येते."